घेवड्याच्या कढईपासून लांब

६ जानेवारी, शनिवार

ढोल सुरू झाले. सकाळी नऊला, बासऱ्यांसकट. आता पाच आठवडे ते थांबणार नाहीत. मग तीन दिवस संत्र्यांची लढाई. नवी वही उघडायला याहून चांगला मुहूर्त नाही.

संकल्प: राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे लढाईनंतर उपवास सुरू होतात तोवर, वाईन बंद. रोज शंभर वेळा फेकण्याचा सराव. राग आवरणे. बायकोशी, म्हणजे इरमाशी, प्रेमाने बोलणे.

दुपारी टोळीची सभा. आमची टोळी रानडुकरांची. चाळीस माणसं, सगळी पायी लढणारी. आम्ही जनता. घोड्यांच्या गाडीवरचे ते जुलमी राजाचे शिपाई. त्यांना चामड्याचे मुखवटे, छातीला गाद्या. जनतेच्या तोंडावर काही नसतं. जनता तोंडावरच घेते.

यंदापासून टोळीची प्रमुख नोएमी. वय चौतीस. तिचा बाप आणि मी टाइपरायटरच्या कारखान्यात एका बाकावर. तिला मी कडेवर घेतलेलं आहे. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "साविनोकाका, तुम्ही त्रेसष्टचे झालात. यंदा घेवड्याच्या कढईवर जाता का?"

कढईवर म्हातारे असतात. डुकराच्या कातडीसकट घेवडा शिजवतात आणि गावाला वाढतात. चांगलं काम आहे. ज्यांचं आयुष्य संपलं त्यांना शोभतं.

मी म्हणालो, बत्तीस वर्षं या चौकात उभा आहे. ती म्हणाली, "तेच तर. उभे असता." मागे कुणी तरी हसलं.

शेवटी ठरलं ते असं. तीन दिवसांत माझं एक तरी संत्रं गाडीवर लागलं पाहिजे. साक्षीदार दोन. नाही लागलं तर कढई. मतदान झालं. बाजूने अडतीस, विरुद्ध एक. तो एक मी. एकजण बाहेर सिगारेट ओढत होता, तो माझ्या बाजूचा असावा.

एक संत्रं! दर वर्षी मी हजारावर फेकतो. एकसुद्धा चुकल्याचं कुणी सांगावं.

घरी येऊन एर्बालुचेचा एक ग्लास. ती पांढरी असते. आमच्याकडे पांढरीला वाईन धरत नाहीत.

९ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर. उजव्या खांद्याचा स्नायू अर्धा फाटला आहे म्हणतो. हात कानाच्या वर जाणार नाही. मी वर करून दाखवला. तो म्हणाला, डाव्या हाताने उजवा उचलणं धरत नाहीत.

डॉक्टर तोरीनो शहरातला आहे. त्याला काय कळणार.

१३ जानेवारी, शनिवार

सराव सुरू. खुराड्यामागच्या भिंतीवर खडूने गाडी काढली. गाडीवर मुखवटा घातलेला देल्फो, माझा शत्रू. पंधरा मीटर मोजून उभा राहिलो. चौकात माझी जागा कारंज्याच्या पायऱ्यांवर असते आणि गाडी तिथून तेवढ्याच अंतरावर थांबते. मधे आमची टोळी. तोफखाना नेहमी मागेच असतो.

पहिली फेक जबरदस्त. कोंबडी मेली.

कोंबडी मध्ये आली. इरमाचं म्हणणं वेगळं. तिच्या मते कोंबडी सकाळपासून तिथंच होती, माझ्यापासून चार मीटरवर, दाणे टिपत होती. मी म्हणालो, मान बघ, एका फटक्यात मोडली. म्हणजे ताकद आहे. इरमा पिसं जरा जोरात उपटत होती.

उरलेल्या नव्याण्णव फेकी उद्या.

१४ जानेवारी, रविवार

कोंबडीचं सूप, त्यात भात. बरोबर कारेमाची लाल वाईन. घ्यावीच लागते, नाहीतर मेलेल्या प्राण्याचा अपमान होतो. रविवारी सराव करत नाहीत.

२० जानेवारी, शनिवार, सकाळी साडेअकरा

देल्फोच्या दुकानात जाऊन आलो. देल्फो खाटीक. लढाईत सात नंबरच्या गाडीवर असतो. वय एकेचाळीस, दंड माझ्या मांडीएवढे. त्याला स्पष्ट सांगायचं होतं की यंदा दयामाया नको. तीन वर्षांत त्याच्या गाडीवरून मला एकही संत्रं लागलेलं नाही. राखेच्या बुधवारी टोळीतल्या सगळ्यांची तोंडं वांग्यासारखी असतात आणि माझं कोरं. मी चपळ आहे हे खरं. पण लोक बोलतात.

देल्फो बरगड्या तोडत होता. म्हणाला, "काका, तुम्हाला मारू? वेड लागलंय का मला? तुमच्यासारखा माणूस आमच्या गाडीवर एक नाही." दुकानातली गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. भारावली असावीत.

मी म्हणालो, गोड बोलू नकोस, यंदा तुला आडवा करीन. तो म्हणाला, "मला कशाला? तुमची नेहमीची माणसं करा ना आडवी." बोलणं कळलं नाही, पण सूर कळला. राग आवरला. बुक्का त्याला मारला नाही, शेजारी टांगलेल्या अर्ध्या डुकराला मारला. अंदाज यावा म्हणून.

डुक्कर हललं नाही. उजव्या हाताची दोन बोटं सुजली. देल्फोने बर्फ दिला आणि सॉसेज बांधून दिली. घेतली. शत्रूचं अन्न खाणं म्हणजे शरणागती नव्हे.

२७ जानेवारी, शनिवार

अंतराचा प्रश्न सुटला. पंधरा मीटर हा आकडाच चुकीचा होता. गाडी चालती असते, माणूसही जरा पुढे वाकतो. खरा हिशेब केला तर सहा मीटर येतात. सहावरून तीनदा लागलं. चारदा म्हणता येईल.

इरमा कपडे वाळत घालायला आली. म्हणाली, "हे काय चाललंय, भिंत तिकडे आहे." आणि पंधरा मीटरवरून एक संत्रं सहज भिरकावलं. भिंतीवरच्या देल्फोच्या नाकावर बसलं. रस खालपर्यंत ओघळला.

वारा मागून होता. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, वारा असता तर कपडे हलले असते.

तिने माझी साक्षीदार व्हावं असं मी सुचवलं. ती म्हणाली, मी जे बघेन तेच सांगेन, चालेल? नको म्हणालो. घरातली साक्ष तशीही धरत नाहीत.

२८ जानेवारी, रविवार

नदीकाठच्या कढयांवर आज घेवडा होता. डबा घेऊन गेलो. खाणं वेगळं, शिजवणं वेगळं.

सहा तांब्याच्या कढया, एकेक न्हाणीघराएवढी. कढईवरचा मुख्य उगो, वय एक्याऐंशी. वल्ह्याएवढ्या पळीने ढवळत होता. मला बघून म्हणाला, "ये पोरा. तुझ्यासाठी खुंटी ठोकलीय, अॅप्रन अडकवायला." मी म्हणालो, खुंटी काढून टाक, मी अजून वीस वर्षं चौकात आहे. तो म्हणाला, "मग चौकातले किती उरतील?"

सगळे हसले. मी पळीला हात घातला. त्याने तीच पळी माझ्या मनगटावर मारली. जड असते. उकळत्या घेवड्याचे दोन दाणे गळ्याला चिकटले. फोड आले आहेत.

एक्याऐंशी वर्षांच्या माणसावर हात उचलत नाहीत. शिवाय तो उंच आहे.

घेवडा उत्तम होता.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून गावात लाल टोपीशिवाय फिरायचं नाही. लढाईच्या दिवसांत टोपीचा अर्थ एकच: मी लढत नाही, मला मारू नका. बायका, पाहुणे, पोटुशा, पाद्री. आम्ही लढणारे रविवारी ती घरी ठेवतो.

इरमाने दोन टोप्या इस्त्री करून ठेवल्या होत्या. मी विचारलं, दुसरी कुणाची? ती म्हणाली, "रविवारी घाल. कुणाचं काही अडत नाही." मी ती चुलीत टाकली. लोकर फार घाण जळते. सगळं घर धुरकटलं. तिने मला पोळपाटावरचं लाटणं फेकून मारलं. कपाळावर बसलं. छान बसलं. दोन बोटं टेंगूळ आहे.

रविवारपर्यंत राहिलं तर बरं दिसेल.

१० फेब्रुवारी, शनिवार

टेंगूळ उतरलं.

खांदा पूर्ण बरा. बोटं पूर्ण बरी. सराव: एकूण अंदाजे साठ फेकी, म्हणजे दर्जेदार. वाईन: औषधापुरती. राग: नाही. उद्या पहिल्याच गाडीला पहिल्याच फेकीत निकाल लावायचा आणि मग दोन दिवस नोएमीच्या तोंडाकडे बघत बसायचं.

११ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी सात

पहिला दिवस.

दुपारी दोनला सुरू झालं. सव्वादोनला चौकात घोट्यापर्यंत लगदा. संत्र्यांचा आणि घोड्यांच्या लिदीचा. मग रक्ताचा. गाडी आत येते, दहा जण दोन्ही हातांनी खाली मारतात. आमचे गाडीला चिकटून वर मारतात. हाडावर संत्रं बसलं की आवाज ओला येतो. दातावर बसलं की कोरडा. बत्तीस वर्षं ऐकतो आहे. त्याहून छान आवाज नाही.

मी कारंज्यावरून तीनशे दहा फेकली. एकही चुकलं नाही. चुकलं असतं तर जमिनीवर पडलेलं दिसलं असतं. एकही पडताना दिसलं नाही.

साक्षीदार मिळाला नाही. सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती.

टोळीत आज अकरा जखमी. पाव भाजणाऱ्याचा कान फाटला. पोस्टमनच्या डोक्यात मागून फटका बसला, तो पुढे गेला आणि गाडीच्या लोखंडी कडेवर आपटला. दोन दात गेले. दंतवैद्यीण स्वतःच मानेत लचक भरून बसली आहे, म्हणजे दातांचं काम पुढच्या आठवड्यावर. प्रथमोपचाराच्या तंबूतल्या नर्सने विचारलं, "यंदा गाड्या मागून येतात की काय?" चांगला प्रश्न आहे. चौकशी व्हायला हवी.

मला एक ओरखडा नाही.

शेवटची शिट्टी झाल्यावर देल्फो मुखवटा काढून सात नंबरच्या गाडीवरून उतरला. वाटेतल्या सगळ्यांना ओलांडून माझ्यापर्यंत आला आणि हात मिळवला. आमच्याकडे गाडीवरचा असा तेव्हाच उतरतो जेव्हा समोरचा तोलामोलाचा असतो. सलग चौथं वर्ष. म्हणाला, "काका, दमू नका. अजून दोन दिवस आहेत." नोएमी बाजूलाच होती. मान चोळत बघत होती.

पोटात दुखावं ना माणसाच्या.

१२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी दहा

नोएमी घरी आली. इरमाने कॉफी केली. नोएमीने बसायच्या आधी केस वर घेतले आणि मान दाखवली. जांभळी, मधे पिवळी, संत्र्याएवढी.

विचारलं, "काका, हे काय आहे?" म्हणालो, संत्रं. "कुणाचं?" म्हणालो, गाडीचं. "गाडी माझ्या पुढे होती." मी म्हणालो, संत्रं भिंतीवर आपटून परत येतं. तिने कप खाली ठेवला.

म्हणाली, "ऐका आता. तीन वर्षं तुमची फेक आमच्यावर पडतेय. पाव भाजणाऱ्याचा कान तुम्ही फाडलात. दात तुम्ही पाडलेत. गाडीवरचे तुम्हाला का मारत नाहीत? तुम्ही त्यांचं काम करता म्हणून. देल्फो हात मिळवतो तेव्हा सगळा चौक हसतो. बाबा होते तोवर आम्ही गप्प बसलो. आता बास. आज टोपी घाला आणि घरी बसा. किंवा माझ्या शेजारी, अगदी पुढे येऊन उभे राहा. तिथून गाडी हाताला लागते. हवं तर थोपटा."

इरमाकडे बघितलं. ती साखर ढवळत होती. तिच्या कपात साखर नसते.

मी शांतपणे सांगितलं की हा कट आहे. नोएमीने कॉफीबद्दल आभार मानले आणि गेली. मी कप भिंतीवर फेकला.

भिंत जवळ होती. तरी नोंद करून ठेवतो की लागला.

संध्याकाळी साडेसहा

कारंज्यावरच उभा राहिलो. तत्त्वाचा प्रश्न होता. पहिल्या गाडीला वीस फेकून झाली तेवढ्यात मागून कुणी तरी माझ्या डोक्यावर लाल टोपी चढवली. कानाखाली ओढून. फितुरी! वळलो तर पाव भाजणारा, कानाला पट्टी, आणि पोस्टमन, ओठ सुजलेला. दोघांनी मला काखेत धरलं आणि उचलून चर्चच्या दारात नेऊन पाहुण्यांमध्ये ठेवलं. मी पाव भाजणाऱ्याच्या अंगठ्याला चावलो. हाडापर्यंत गेलो. त्याने माझं डोकं दगडी खांबावर दोनदा आपटलं. टोपी जाड असते, फारसं लागलं नाही.

शेजारी एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी फोटो काढला.

देल्फोची गाडी समोरून गेली. मला टोपीत बघून तो मारायचा थांबला. खरोखर दुःखी दिसला. ओरडून म्हणाला, "काका, असं करू नका आमचं!"

अर्थ लक्षात आला नाही असं नाही. पण शत्रू तुमच्यासाठी हळहळतो हीही एक पावतीच.

उद्या पुढे उभा राहणार. एका हाताच्या अंतरावर. तिथून आंधळासुद्धा मारेल. मग दोन साक्षीदार. मग बघू कोण कढईवर जातं. वाईन आजपुरती चालू.

१३ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी आठ

एका डोळ्याने लिहितो आहे.

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवलं पाहिजे, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

पुढे उभा राहिलो. नोएमी डावीकडे, पाव भाजणारा उजवीकडे, अंगठ्याला बँडेज. इथून घोड्यांच्या नाकातली वाफ लागते. बत्तीस वर्षांत इतका पुढे आलो नव्हतो. गरज पडली नव्हती.

पहिल्या सहा गाड्यांना फेकलं नाही. अंदाज घेत होतो. नोएमी ओरडत होती, "हात वर करा, काका, हात!" हात छातीपाशी होता. हा बचावाचा पवित्रा आहे. डोळे मिटले होते असं ती म्हणते. डोळ्यांत रस जात होता.

सात नंबरची गाडी आली. देल्फो वर उभा. कमरेएवढ्या उंचीचं गाडीचं लाकूड माझ्यासमोर. संत्रं हातात. अगदी सोपं. पण साक्षीदार बघतायत का ते बघायला हवं होतं. नाहीतर उपयोग काय? म्हणून मागे वळलो आणि म्हणालो, "बघताय ना?"

ते गाडीकडे बघत होते. बरोबरच होतं त्यांचं. एक संत्रं माझ्या कानाच्या मागे बसलं. ते देल्फोचं नव्हतं. त्याच्या शेजारचा नवीन होता, त्याला माहीत नव्हतं. दुसरं तोंडावर. तिसरं दातांवर. आवाज कोरडा आला. आतून वेगळाच ऐकू येतो.

खाली गेलो. माझ्या हातावरून कुणी तरी धावलं, पाठीवरून दोघं. लगदा नाकात. गाडीचं मोठं चाक एका विताच्या अंतरावरून गेलं. त्याला लोखंडी धाव असते. त्या वेळी आई आठवली नाही, इरमा आठवली नाही. कढई आठवली. म्हणजे निष्ठा बघा.

मग संतापाने उठलो. संत्रं हातातच होतं. दिसत काही नव्हतं, रक्त होतं. देल्फोचा आवाज आला त्या दिशेने पूर्ण ताकदीने, खांद्याची पर्वा न करता, हात कानाच्या वर नेऊन फेकलं.

नोएमी मला उचलायला वाकली होती.

नाक मोडलं. आवाज ओला आणि कोरडा दोन्ही.

चौक थांबला. ही अतिशयोक्ती नाही. घोडेसुद्धा थांबले. नोएमीने तळहाताने नाक पुसलं, तळहात बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यावर मारलं. संत्र्याने नाही. मुठीने. मूठ नियमात बसत नाही. मी तक्रार करणार नाही.

तंबूत दोघांना शेजारच्या खाटांवर ठेवलं. नर्स म्हणाली, या दोघांच्या मधे पडदा लावा.

इरमा मला न्यायला आली. डोळ्यावर मांसाचा तुकडा बांधला. देल्फोने पाठवला होता.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेतली. पाद्री राख लावताना अडखळला, जागा शोधत होता. चेहरा उत्कृष्ट झाला आहे. डावा डोळा बंद, ओठ दुप्पट, दात दीड गेला. टोळीतल्या कुणाचाही इतका नाही. नोएमी सोडून.

दुपारी मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि कॉडमासा. टोळी लांब टेबलाला बसली. नोएमीच्या नाकावर प्लास्टर, तोंडाने श्वास. तिने माझा विषय काढला. मी उभा राहून मुद्दा मांडला: काल सात नंबरच्या गाडीवर माझं संत्रं लागलं. तिच्या नाकावरून उडून. नियमात "सरळ" असा शब्द नाही.

कुणी हसलं नाही. नोएमी म्हणाली, साक्षीदार?

मागच्या टेबलावरून देल्फो उठला. गाडीवरचे आजच्या दिवशी आमच्याबरोबर जेवतात. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी बघितलं. नाकावरून उडालं आणि चाकाला लागलं. देवाशपथ. काकांना चौकातून काढू नका, हात जोडतो." माझ्या डोळ्यात पाणी आलं. उघड्या डोळ्यात.

एक साक्षीदार झाला. दुसरा हवा होता. मी टेबलावरून नजर फिरवली. पाव भाजणारा मासा खात होता. पोस्टमन पोलेंटा चोखत होता. खरं बघितलं तर संत्र्याच्या वाटेत तेव्हा एकच माणूस होतं. मी नोएमीकडे बघितलं. तिने बराच वेळ विचार केला. तेवढं मानलं पाहिजे, विचार केला.

म्हणाली, "मी रक्त पुसत होते, काका. बघितलं नाही."

मग म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी बघितलं असतं."

मी बसलो. इरमाने माझ्यासाठी माशातले काटे काढून ठेवले होते. मऊ होता. चावावं लागलं नाही.

विजयाच्या इतक्या जवळ क्वचितच कुणी येतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

इरमाच्या मते घरी बसून माझा राग वाढेल. म्हणून नदीकाठी गेलो. कढयांची व्यवस्था ढिली आहे, अनुभवी माणसाची गरज दिसते. मी स्वतःहून गेलो हे इथे नोंदवतो.

हंगाम संपला की कढया घासतात. सहाही अंगणात ओळीने मांडल्या होत्या. मीठ, व्हिनेगर, चिंध्या. माझ्या बोटांना चिरा आहेत. पहिल्या कढईला ओरडलो. उगो म्हणाला, "ओरड पोरा, इथे कुणी बघत नाही."

चार कढया मी घासल्या. तांबं असं चमकलं की त्यात माझा डोळा दिसला.

दुपारी बाकावर बसलो. सहा म्हातारे आणि मी. एर्बालुचेची बाटली. मी त्यांना खरी हकिगत सांगितली: कट, वारा, नवीन माणूस, रक्त पुसणं. त्यांनी मन लावून ऐकली. मग एकजण म्हणाला, त्याला चष्म्यामुळे काढलं होतं, वास्तविक नजर गरुडाची. दुसऱ्याला गुडघ्यामुळे. तिसऱ्याच्या बाबतीत मेहुण्याचा हात होता. सगळ्यांची फेक गाडीपर्यंत जात होती. मला त्यांची कीव आली. माणूस स्वतःला किती फसवतो.

उगो उठला. कोपऱ्यातल्या पेटीत उरलेली संत्री होती. एक उचललं, ओळीच्या टोकाला उभा राहिला, आणि सहा कढयांवरून पलीकडच्या भिंतीवर मारलं. गिलावा पडला.

मी विचारलं, मग तुला का काढलं? तो म्हणाला, "मला कुणी काढलं नाही. मला घेवडा आवडतो."

मग पेटी माझ्याकडे सरकवली.

सगळे बघत होते. साक्षीदार सहा, उगोसकट. खांदा गरम होता, वारा नव्हता, मधे कुणी माणूस नव्हतं.

चौथ्या कढईत पडलं.

पुन्हा घासली.